बहर ओसरल्यावरचा जपान

जपानमध्ये वर्ष दोनदा उजाडते. पहिल्यांदा १ जानेवारीला, आणि दुसऱ्यांदा १ एप्रिलला. सरकारचे आर्थिक वर्ष १८८६ पासून एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले, मागोमाग शाळाही त्याच वेळापत्रकावर आल्या. आजही पहिलीतली मुले नवी दप्तरे पाठीला लावून याच महिन्यात शाळेत पाऊल टाकतात आणि नव्याने नोकरीला लागलेले तरुण काळे सूट घालून १ एप्रिललाच कचेरीत हजर होतात. त्यामुळे मार्चअखेरची शाळेची सुट्टी म्हणजे जुने संपून नवे सुरू होण्याआधीची मोकळी फट. तिला ‘हारु-यासुमी’, वसंताची सुट्टी म्हणतात. त्यानंतर महिनाभरातच येतो ‘गोल्डन वीक’. २९ एप्रिल, ३ मे, ४ मे आणि ५ मे या चार राष्ट्रीय सुट्ट्या, आणि त्यांना लागून येणारे शनिवार-रविवार.

नोकरीनिमित्त तोक्योत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या दोन्ही सुट्ट्या मिळतात. २००० सालच्या संगणक-संकटाच्या सुमारास भारतीय अभियंते मोठ्या संख्येने इथे आले आणि ओतेमाचीच्या बँकांकडे थेट जाणाऱ्या तोझाई मार्गावर, एदोगावा विभागातल्या निशी-कासाई स्टेशनाभोवती त्यांची वस्ती वाढली. २०१९ मध्ये याच एदोगावाच्या विभागसभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, इतकी ही वस्ती आता इथली झाली आहे. तरीही सुट्टी लागली की आपल्यातले बहुतेक जण पर्यटकच होतात. मार्चमध्ये साकुराचे, म्हणजे चेरीच्या बहराचे, फोटो, मेमध्ये भारताचे तिकीट, नाहीतर क्योतोची धावपळ. या प्रकरणात मला ठामपणे सांगायचे आहे ते हे, की फुले पर्यटकालाही बघायला मिळतात. इथे राहणाऱ्याला त्यापुढचे काहीतरी मिळते, आणि ते पानांत असते. बहर ओसरल्यावर साकुराला जी कोवळी पालवी फुटते तिला इथले लोक ‘हाझाकुरा’ म्हणतात. जपानी वसंताचे घरगुती रूप खरे तर तिथून उलगडू लागते.

फुलांना मात्र वगळून चालणार नाही, कारण त्यांच्यामागची रचना विलक्षण आहे. तोक्योत नजर जाईल तिथे दिसणारी साकुरा ही बहुतेक करून ‘सोमेइ योशिनो’ या एकाच जातीची असते. एदो काळाच्या, म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या राजवटीच्या, उत्तरार्धात सोमेइ नावाच्या गावात, म्हणजे आजच्या कोमागोमे परिसरात, माळ्यांची वस्ती होती. त्यांनी ही जात विकली आणि नावारूपाला आणली. एदोहिगान आणि ओशिमा-झाकुरा या दोन जातींच्या संकरातून ती आली. तिचे बी स्वतःच्याच परागांनी धरत नाही, म्हणून प्रत्येक झाड कलम बांधूनच करावे लागते. याचा अर्थ देशभरातली ही लक्षावधी झाडे आनुवंशिक दृष्ट्या एकच झाड आहेत. सारखी थंडी, सारखी ऊब मिळाली की ती सगळी एकदम फुलतात. एका रस्त्यावरची शंभर झाडे एकाच दिवशी पांढरी-गुलाबी होतात ती यामुळे.

त्याचमुळे बहराचे गणितही मांडता येते. उन्हाळ्यात तयार झालेल्या कळ्या हिवाळ्यात झोपी जातात. पुरेशी थंडी लागल्यावरच त्यांची झोप मोडते. मग १ फेब्रुवारीपासून रोजचे सरासरी तापमान बेरजेत धरत जायचे आणि बेरीज ४०० अंशांच्या आसपास पोचली की फूल उमलायचे, असा एक ठोकताळा इथे वापरतात. कमाल तापमान धरणारे ६०० अंशांची बेरीज मोजतात. तोक्योसाठी हवामान खात्याचे नमुन्याचे झाड यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. त्यावर पाच-सहा फुले उमलली की खात्याचा माणूस बहर सुरू झाल्याचे जाहीर करतो, आणि हे दृश्य टीव्हीवर थेट दाखवले जाते. बहराचे अंदाज देणे खात्याने २०१० पासून थांबवले. ते काम आता खासगी संस्था करतात. प्रत्यक्ष निरीक्षण मात्र खाते आजही करते.

क्योतोत तर साकुराच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत. दरबाऱ्यांच्या रोजनिशा, देवळांची दप्तरे, मेजवान्यांची वर्णने यांतून संशोधकांनी त्या तारखा गोळा केल्या. २०२१ मध्ये क्योतोचा पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींतला सर्वांत लवकरचा. हवामानबदलाचा इतका जुना, इतका सलग आणि मुळात केवळ आनंदासाठी ठेवला गेलेला दाखला जगात क्वचितच असेल.

फुले बघायला उएनोला जावे, गर्दी एकदा अनुभवावी. पण एदोगावात राहणाऱ्यांनी शिनकावाच्या काठाने जरूर चालावे. पहिला तोकुगावा शोगुन इएयासू याच्या काळात ग्योतोकूच्या मिठागरांतले मीठ एदो शहरात, म्हणजे तेव्हाच्या तोक्योत, आणण्यासाठी हा जलमार्ग घडवला गेला. आता त्याच्या दोन्ही काठांवर साकुराची रांग आहे, लाकडी पूल आहेत, आणि झाडाखाली बसायला जागा मिळते. निळी ताडपत्री अंथरायची, बूट काढून तिच्यावर बसायचे, फांदी ओढायची नाही आणि उठताना कचरा बरोबर घेऊन जायचे, एवढे पाळले की कोणीही तुम्हाला परका समजत नाही. झाडाखाली बसून खाण्यापिण्याची ही चैन सामान्य माणसाला मिळाली ती अठराव्या शतकात. आठवा शोगुन योशिमुने याने आसुकायामासारख्या ठिकाणी मुद्दाम साकुरा लावून घेतली आणि तिथे लोकांना मोकळेपणाने येऊ दिले. त्याआधी हानामी, म्हणजे फुले बघण्याची ही रीत, दरबाराची आणि सरदारांची गोष्ट होती.

दहा-बारा दिवसांत सगळे संपते. पाकळ्या पाण्यावर तरंगत जातात, पर्यटकांचे लोंढे उत्तरेकडे सरकतात आणि तोक्योतली झाडे हिरवी होतात.

या हिरवाईतला पहिला सण ८ एप्रिलला येतो. जपानी बौद्ध मंदिरे बुद्धजन्माचा दिवस याच तारखेला धरतात आणि त्याला ‘हाना-मात्सुरी’ म्हणतात. फुलांनी मढवलेल्या छोट्या मांडवात एक तबक असते आणि तबकात बाळबुद्धाची वीतभर मूर्ती, उजवा हात आकाशाकडे आणि डावा जमिनीकडे. आलेला माणूस लाकडी पळीने तिच्यावर ‘आमाचा’ ओततो. लुंबिनीच्या बागेत जन्म झाला तेव्हा आकाशातून गोड जलाचा वर्षाव झाला, या कथेची ही आठवण. आमाचा साखर घालून करत नाहीत. हायड्रेंजियाच्या एका जातीची ती पाने आहेत. ताजी असताना ती गोड लागत नाहीत. आंबवून वाळवली की त्यांतून साखरेपेक्षा कितीतरी पट गोड असे द्रव्य तयार होते. अनेक मंदिरांत मूर्तीवर ओतून झाल्यावर तोच चहा पेल्यात प्यायलाही देतात. मुलांना जरूर न्यावे. तबकासमोर उभे राहून बाळमूर्तीला न्हाऊ घालणे त्यांना समजावून सांगावे लागत नाही, आणि ज्या गोष्टीची सुरुवात आपल्या उपखंडात झाली ती इथवर येऊन कशी रुजली हेही त्यांना डोळ्यांनी दिसते.

पानांची दुसरी करामत मिठाईच्या दुकानात आहे. साकुरा-मोची हा वसंतातला सर्वांत लाडका पदार्थ. तोक्योच्या पद्धतीत पिठाच्या पातळ गुलाबी धिरड्यात आझुकी या लाल कडधान्याचे गोड सारण गुंडाळतात, ओसाकाकडे भरड तांदळाचा मऊ गोळा करतात. दोन्हींभोवती साकुराचे खारवलेले पान असते. सुमिदा नदीकाठच्या चोमेइजी मंदिराचा राखणदार यामामोतो शिनरोकू याने १७१७ मध्ये तो विकायला सुरुवात केली असे सांगतात, आणि त्या मंदिराजवळचे दुकान आजही चालू आहे. पान घेतात ते मात्र ओशिमा-झाकुराचे, म्हणजे सोमेइ योशिनोच्या जन्मदात्यांपैकी एकाचे. झाडावरच्या पानाला फारसा वास नसतो. मिठात मुरवल्यावर पेशी फुटतात, कुमारिन हे द्रव्य मोकळे होते आणि तो ओळखीचा गंध दरवळतो. जपानी माणूस ज्याला ‘साकुराचा वास’ म्हणतो तो मुख्यतः या पानाचा. काही जण पान काढून खातात, काही पानासकट. मी पानासकट खाण्याच्या बाजूची आहे. खारट पानाशिवाय ती मिठाई अर्धीच वाटते.

मांसाहार न करणाऱ्यांना जपानमध्ये सुट्टी म्हणजे अडचण वाटते, कारण साध्या दिसणाऱ्या सूपात आणि भाजीतही माशाचा अर्क असतो. मिठाईच्या दुकानात ही चिंता बरीच कमी होते. तांदूळ, आझुकी, साखर, पान इतकाच मामला असतो. आझुकीचे सारण आपल्या पुरणासारखे शिजवून, वाटून, आटवून केलेले असते; वेलची-जायफळ मात्र त्यात नसते, हे जिभेला आधी सांगून ठेवावे.

तिसरे पान आहे ‘योमोगी’. वसंतात माळावर आणि नदीच्या बांधावर उगवणारी ही सुवासिक वनस्पती, आर्टेमिसिया कुळातली. याच कुळातला आपला दवणा चैत्रात जोतिबाला वाहिला जातो. जपानात योमोगीची कोवळी पाने उकडून, कुटून तांदळाच्या पिठात मळतात; त्या हिरव्या गोळ्यांना ‘कुसा-दांगो’ म्हणतात. ते खायला शिबामाताला जावे. एदोगावा नदीच्या काठची ही जुनी वस्ती, ‘तोरा-सान’च्या चित्रपटांमुळे साऱ्या जपानला घरची वाटणारी. स्टेशनापासून देवळापर्यंतच्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना दांगोची दुकाने आहेत. आणि गल्लीच्या टोकाला जे देऊळ आहे त्यातला ‘ताइशाकुतेन’ म्हणजे आपला इंद्र. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे इथे आला. उएनोच्या शिनोबाझू तळ्यातल्या बेटावर सरस्वती ‘बेंझाइतेन’ म्हणून बसली आहे. मराठी माणसाने या देवळांत कुतूहलाने जावे, पण ‘हे तर आमचेच’ म्हणत जाऊ नये. तेराशे-चौदाशे वर्षांत या देवता पूर्ण जपानी झाल्या आहेत, आणि त्या कशा बदलल्या हे बघणे अधिक मोलाचे आहे. शिबामाताच्या देवळाच्या भिंतींवर सद्धर्मपुंडरीक सूत्रातल्या कथांचे लाकडी कोरीवकाम आहे. त्यासाठी हाताशी एक तास ठेवावा.

आता गोल्डन वीक. २९ एप्रिल हा शोवा सम्राटांचा जन्मदिवस. ३ मे हा संविधान दिन, कारण १९४७ मध्ये याच दिवशी आजची राज्यघटना लागू झाली. ४ मे हरित दिन. ५ मे बालदिन. या दिवसांत सारा देश एकदम घराबाहेर पडतो. शिनकानसेनची आरक्षणे महिनाभर आधी सकाळी दहाला खुली होतात आणि हव्या त्या गाड्या भरून जातात, हॉटेले महागतात, महामार्गांवर मैलोन् मैल गाड्या तुंबतात. प्रवासच करायचा तर उत्तरेला जावे, कारण एप्रिलअखेरीस हिरोसाकीला आणि मेच्या आरंभी होक्काइदोत साकुरा नुकती फुललेली असते. पण माझा सल्ला विचाराल तर या आठवड्यात शहर सोडू नका. रिकामे झालेले तोक्यो या दिवसांत फार छान असते, आणि घरोघरचे जे काही आहे ते याच दिवसांत घडते.

सुरुवात चहाने करावी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘रिश्शून’, म्हणजे पंचांगातल्या वसंतारंभापासून मोजलेला अठ्ठ्याऐंशीवा दिवस २ मेच्या आसपास येतो. त्याला ‘हाचिजू-हाचिया’ म्हणतात. एव्हाना दहिवराची भीती संपत आलेली असते, चहाच्या झुडपांना हिवाळाभर साठवलेल्या जिवावर पहिली पालवी फुटलेली असते, आणि शिझुओका, उजी इथल्या मळ्यांत खुडणी जोरात चालते. हा नवा चहा, ‘शिनचा’, मेमध्ये दुकानांत येतो. या दिवशी खुडलेला चहा प्यायला की आयुष्य वाढते असे मानतात. जपानी हिरव्या चहाची पाने खुडल्याबरोबर वाफवतात. वाफेमुळे पान काळे पडण्याची क्रिया थांबते आणि हिरवा रंग, कोवळा वास टिकतो. मग ती पाने वळत वळत वाळवायची, ही पद्धत उजीच्या नागातानी सोएन याने १७३८ मध्ये बसवली असे मानतात. आपण चहा खळखळ उकळतो; शिनचा तसा केला तर कडूजहर होतो. पाणी उकळून सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत निवू द्यावे, पानांवर ओतावे, मिनिटभर थांबावे आणि शेवटच्या थेंबापर्यंत गाळून घ्यावे. पहिल्या घोटाला गोडसर, दाट चव लागते.

चहाच्या विधीचे घरही मे महिन्यात ऋतू बदलते. हिवाळाभर जमिनीत खोदलेल्या चुलीवर पाणी तापवतात, म्हणजे पाहुणे उबेच्या जवळ बसतात. मेपासून ती चूल झाकली जाते आणि पाहुण्यांपासून दूर ठेवलेल्या शेगडीवर किटली चढते. पाहुण्याला उष्मा लागू नये हा एवढाच त्यामागचा हेतू, आणि त्यासाठी यजमानाच्या सगळ्या हालचाली नव्याने बेतल्या जातात. विधी शिकायला वर्षे लागतात, पण नुसती चव घ्यायची तर हामारिक्यू बागेतल्या तळ्यामधल्या चहाघरात कोणीही जाऊन बसू शकते. आधी मिठाई संपवावी, मग वाडगा दोन्ही हातांनी उचलून, समोरची सुंदर बाजू थोडी फिरवून, प्यावे. पुण्याच्या वाचकांसाठी एक नोंद. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेच्या धर्तीवर केले आहे, त्या ओकायामाच्या कोराकुएनमध्ये चहाचा मळाही आहे, आणि तिथे मेमध्ये चहा खुडण्याचा छोटा सोहळा होतो.

५ मे हा या साऱ्या दिवसांचा कळस. घरांवर, नदीवर, शाळांच्या अंगणात कापडी मासे वाऱ्याने फुगून पोहत असतात. त्यांना ‘कोइनोबोरी’ म्हणतात. धबधबा चढून गेलेला कार्प मासा ड्रॅगन होतो, या चिनी कथेतून ते आले. एदो काळात एकटा काळा मासा असे. हिरोशिगेच्या १८५७ मधल्या एका चित्रात तो एदोच्या आकाशावर पसरलेला दिसतो. लाल मासा पुढच्या काळात जोडीला आला, आणि आई-बाबा-मुले असे पूर्ण कुटुंब त्याहूनही अलीकडे. तोक्यो टॉवरखाली त्याच्या उंचीइतके, म्हणजे ३३३ मासे लावतात. पूर्वी हा दिवस मुलग्यांचा होता. १९४८ च्या सुट्ट्यांच्या कायद्याने तो सर्व मुलांचा केला आणि कायद्यात एक सुंदर वाक्य घातले. मुलांच्या व्यक्तिमत्त्वाचा मान राखावा, त्यांचे सुख साधावे आणि आईचे आभार मानावेत, असे या दिवसाचे प्रयोजन त्यात नमूद आहे.

या दिवशी खातात ती ‘काशिवा-मोची’ ओकच्या एका जातीच्या पानात गुंडाळलेली असते. या झाडाचे जुने पान वाळले तरी नवी पालवी फुटेपर्यंत फांदीला धरून राहते. मागची पिढी पुढची आल्याशिवाय जात नाही, म्हणून ते पान वंशाच्या सातत्याचे मानले गेले. हे पान मात्र खायचे नसते.

आणि संध्याकाळी अंघोळ. मेच्या सुरुवातीला भाजीच्या दुकानांत लांब, तलवारीसारख्या हिरव्या पानांच्या जुड्या येतात. काही जुड्यांत योमोगीच्या काड्याही बांधलेल्या असतात. ही पाने ‘शोबू’ची. ती जुडी गरम पाण्याच्या टबात सोडायची आणि त्यात डुंबायचे, याला ‘शोबू-यू’ म्हणतात. शोबू म्हणजे आपले वेखंड. तेच, ज्याची पूड अंघोळीनंतर तान्ह्या बाळाच्या अंगाला लावतात आणि ज्याचे मूळ उगाळून गुटीत देतात. जांभळ्या फुलाच्या आयरिसलाही इथे मिळतेजुळते नाव आहे, त्यामुळे पुष्कळ जपानी माणसांचाही गोंधळ होतो. पण टबात टाकतात ती फुले नव्हेत, पाणथळीत वाढणाऱ्या वेखंडाची पाने.

हा सण मुळात चीनमधून आला आणि चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी होत असे. तो दिवस जूनमध्ये, पावसाळा सुरू होताना पडायचा. दमट हवेत आजार फैलावण्याचा तो काळ, म्हणून उग्र वासाच्या वनस्पती वळचणीला खोचायच्या, उशाशी ठेवायच्या, पाण्यात घालायच्या. हेइआन काळच्या दरबारातही छपराच्या कडांना शोबू खोचत. पुढे सामुराईंना त्या पानात तलवार दिसली आणि सण मुलग्यांचा झाला. १८७३ मध्ये जपानने सौर पंचांग स्वीकारले आणि ५ मे ही तारीख कोरड्या, लख्ख उन्हाच्या दिवसांत येऊन पडली. आजाराचे कारण मागे राहिले, पान मात्र टिकले. पावसाच्या तोंडावर घरात वेखंड, ओवा, धुरी जपणाऱ्या मराठी आजीला या सणाचा अर्थ चटकन कळेल, तिच्या नातवाच्या जपानी वर्गमित्रालाही कळणार नाही इतका.

घरी टब लहान असेल तर गल्लीतले ‘सेंतो’, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, गाठावे. तोक्योतली अनेक सेंतो ५ मेला शोबूची पाने पाण्यात सोडतात. २०२४ मध्ये तिथला मोठ्यांचा दर ५५० येन ठरला. स्त्री-पुरुषांचे भाग वेगळे असतात आणि आत कपडे घालून जात नाहीत, याचा आपल्याकडच्या अनेकांना संकोच वाटतो. तो पहिल्या पाच मिनिटांत जातो, कारण तिथे कोणी कोणाकडे पाहत नाही. आधी छोट्या स्टुलावर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचे, फेस पूर्ण काढायचा, मगच टबात उतरायचे. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. केस लांब असतील तर वर बांधायचे.

तेव्हा जपानमध्ये राहणाऱ्या मराठी आई-बाबांना माझी विनंती आहे. यंदाच्या मेमध्ये कुठलेही तिकीट काढण्याआधी भाजीच्या दुकानातून शोबूची एक जुडी आणा, मुलांच्या हातात देऊन त्यांना वास घेऊ द्या, आणि घरात वेखंडाची पूड असेल तर ती डबी शेजारी उघडून ठेवा. ५ मेच्या संध्याकाळी मुलांना सेंतोत घेऊन जा. बहुतेक सेंतो दुपारी तीन-चारच्या सुमारास उघडतात. उघडल्या उघडल्या गेलात तर पाने ताजी असतात.